पुढे काय होतं, ते मलाही ठाऊक नसतं

(दहावीच्या १९९४ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



आयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत आणि दोन अटी घातल्या आहेत. स्वतःच्या मुलांचं कौतुक करायचं नाही, आणि ‘आपल्या वेळी’ हे शब्द तीनपेक्षा जास्त वेळा वापरायचे नाहीत. पहिली अट पाळते. दुसरीचं बघू.

माझ्या शनिवारच्या खेळाबद्दल आपल्या ग्रुपवर बरेच प्रश्न आले. एकीने विचारलं, पत्त्यांचा क्लब काढलास का? एकाने विचारलं, फोटोत फासे आणि मेणबत्ती दिसते, हे जादूटोण्यातलं काही आहे का? मेणबत्ती लाइट गेले होते म्हणून होती. फासे मात्र खरे आहेत. तर आधी हा खेळ काय आहे ते सांगते, म्हणजे मेळावा संपल्यावर जेवणाच्या रांगेत तेच पुन्हा सांगायला नको.

टेबलाभोवती पाच-सहा माणसं बसतात. प्रत्येकाने एकेक पात्र घेतलेलं असतं. एक माणूस मात्र पात्र घेत नाही, तो बाकीचं सगळं असतो. ऊन, पाऊस, रस्ता, शत्रू, शत्रूची सासू, झाडावरचा कावळा. तो समोर काय दिसतंय ते सांगतो आणि विचारतो, ‘काय करता?’ खेळणारे सांगतात. जे सांगितलं ते जमेल की नाही अशी शंका असेल तर फासा टाकायचा. आमचा फासा वीस बाजूंचा आहे, त्यामुळे कुठलाही आकडा पडायची शक्यता शंभरात पाच. फासा पडला की पुन्हा, ‘काय करता?’ बस. यात कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही, आणि खेळ एका रात्रीत संपतही नाही. आमचा दोन वर्षं चालू आहे.

इंग्रजीत त्या ‘बाकीचं सगळं’ असणाऱ्या माणसाला गेम मास्टर म्हणतात. आमच्या टेबलावर सूत्रधार म्हणतात, आणि ती मी. हा शब्द मी शोभेसाठी घेतलेला नाही. वाशीला आपण ज्या विष्णुदास भावे नाट्यगृहात नाटकाला जातो, त्या विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीला ‘सीतास्वयंवर’ केलं, एवढं आपण शाळेत पाठ केलंय. ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन असतो तो त्यामुळेच. पण एक गोष्ट आपल्याला कोणी ठळक करून सांगितली नव्हती. त्या नाटकांत पात्रांची भाषणं लिहिलेलीच नसत. सूत्रधार पदं गाऊन कथा पुढे न्यायचा, आणि राम, सीता, रावण यांनी त्या प्रसंगात काय बोलायचं ते ज्याचं त्याने आयत्या वेळी बोलायचं. राक्षस ‘अललडुर्र’ करत यायचे, पण त्यापुढे काय म्हणायचं ते नटाच्या डोक्यात. भाव्यांनी पुढे आपली पदं छापली. भाषणं छापायला मुळात कागदावर नव्हतीच. म्हणजे जी गोष्ट लोक आज मला परदेशी खूळ म्हणून विचारतात, ती आपल्या मराठी रंगभूमीच्या पाळण्यातच होती.

आणि आपल्या वर्गातल्या कुडाळ, सावंतवाडी, मालवणवाल्यांना तर मी हे सांगायलाच नको. दशावतार! आजोळी जत्रेला जाऊन धयकालो पाहिलेले किती जण आहेत? हात वर करा. बघा, निम्मा वर्ग. रात्री देवळासमोर पेटारा येतो, नट रंगायला बसतात, आणि तिथे ठरतं की आज आख्यान कुठलं आणि कोण काय होणार. संहिता नाही. संकासुर येऊन मालवणीतून गावच्या पुढाऱ्याची टोपी उडवतो, तेही लिहिलेलं नाही. पायपेटीवाला, मृदंगवाला, झांजवाला नटाच्या तोंडाकडे बघत असतात, कारण त्यांनाही पुढचं वाक्य माहीत नसतं. रंगमंचावर सामान काय, तर एक बाकडं. तेच सिंहासन, तोच रथ, तोच पर्वत. आणि पहाटे थंडीत कांबळं पांघरून बसलेली म्हातारी त्या बाकड्यावर बसलेल्या माणसाला हात जोडते. त्याने दुपारी तिच्याच ओटीवर बसून पेज खाल्लेली असते, हे तिला ठाऊक असूनही.

मला या खेळाचं जे मर्म वाटतं ते या बाकड्यात आहे, म्हणून जरा थांबते. लोकांना वाटतं आयत्या वेळी सुचणं म्हणजे डोक्यातून काहीतरी अफाट काढणं. दशावतारी नट नवीन फार थोडं काढतो. भीम चिडला की काय करतो, नारद कुठे काडी टाकतो, हे त्याला ठाऊक असतं आणि समोरच्या म्हातारीलाही. दोघांची पुंजी एकच. त्या पुंजीवर उभा राहून तो समोरच्या नटाचं वाक्य नीट ऐकतो आणि त्याला उत्तर देतो. ऐकलं नाही तर भीमही फुकट.

परदेशातली गोष्टही थोडक्यात सांगते, कारण ती गमतीची आहे. प्रशियाच्या सैन्यात अधिकाऱ्यांना शिकवायला नकाशावर युद्धाचा खेळ खेळत. १८२४ च्या सुमारास राइसवित्झ नावाच्या अधिकाऱ्याने त्याचे पक्के नियम केले. फासे, कोष्टकं, सगळं. पण नियम इतके झाले की खेळ पुढे सरकेना. मग १८७६ साली फेर्दी द्यू व्हेर्नुआ नावाच्या दुसऱ्या अधिकाऱ्याने म्हटलं, कोष्टकं बाजूला ठेवा, पंच अनुभवी माणूस असू द्या आणि तो सांगेल ते खरं. म्हणजे दोन टोकं तिथेच दिसली: सगळं नियमात बांधायचं, की एका माणसाच्या सुचण्यावर सोडायचं? आजही प्रत्येक टेबलावर हे भांडण आहे. आमच्या टेबलावर तर दर शनिवारी आहे, कारण आमच्यात सोसायटीचे सेक्रेटरी खेळतात.

मग १९६९ मध्ये अमेरिकेत मिनेसोटात डेव्हिड वेस्ली नावाच्या माणसाने ब्राउनस्टाइन नावाच्या काल्पनिक जर्मन गावावर एक लढाई मांडली. खेळायला ठरल्यापेक्षा जास्त माणसं आली. सैन्यं दोनच, मग उरलेल्यांना काय द्यायचं? कोणाला त्या गावचा महापौर केलं, कोणाला विद्यापीठाचा प्रमुख. आता महापौराच्या हातात तोफा नाहीत, म्हणून तो बोलत सुटला. लोक कोपऱ्यात जाऊन कट करायला लागले. दोघांनी एकमेकांना द्वंद्वयुद्धाचं आव्हान दिलं, त्याचे नियमच नव्हते, ते वेस्लीने जागेवर बनवले. लढाई राहिली बाजूला. वेस्लीला वाटलं संध्याकाळ पार फसली. आणि आलेल्या माणसांनी विचारलं, पुन्हा कधी? त्यांच्यात डेव्ह आर्नेसन होता. त्याने आणि गॅरी गायगॅक्सने मिळून १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ छापलं, पहिल्या खेपेला हजार खोकी. आज तुमच्या मुलांनी ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ मालिकेत पाहिला तो खेळ हाच.

आता आमचं टेबल.

लॉकडाउनमध्ये माझा पुण्याचा भाचा फोनवर हा खेळ खेळायचा, त्याने मला ओढलं. नंतर तो नोकरीला इकडे आला आणि नेरूळला आमच्या जेवणाच्या टेबलावर शनिवार सुरू झाला. तो, शेजारची अकरावीतली मुलगी, सेक्रेटरी काका, आपल्या वर्गातली दोघं, आणि आपल्या इतिहासाच्या बाई. हो, बाई. पहिल्या रांगेत बसल्या आहेत, माझ्याकडे बघून मान हलवताहेत. त्यांना वाटतंय मी काहीतरी चुकीचं साल सांगेन.

सुरुवातीला भाच्याच्या पुस्तकातलं तयार कथानक होतं. किल्ला, सराई, जंगल, त्यात बुटके आणि लांब कानांचे लोक. सगळे नीट खेळायचे, पण पाहुण्यांसारखे बसायचे. सराईत शिरल्यावर काय मागायचं हेच कोणाला कळेना. काकांनी तिथे मसाला डोसा आहे का विचारलं. मग बाई म्हणाल्या, ‘अगं, आपल्या दाराशी खाडी आहे. किल्ला आहे. तिथे का जात नाही तुम्ही?’

म्हणून आम्ही १७३० साल घेतलं. बेलापूरचा किल्ला फिरंग्यांकडे. अलीकडे मिठागरं, आगरी आणि कोळी गावं. कान्होजी आंग्रे जाऊन वर्ष झालंय, कुलाब्याला सेखोजी आहेत, आणि आंग्र्यांचं गलबत दिसलं की फिरंग्यांची झोप उडते. खेळणाऱ्यांना माहीत आहे की काही वर्षांनी चिमाजी अप्पांची मोहीम येणार आणि १७३९ ला वसई पडणार. त्यांच्या पात्रांना ते माहीत नाही. हा फरक सांभाळण्यात फार मजा आहे. आपण तीस वर्षांनी भेटतो तेव्हाही असंच नाही का, प्रत्येकाला दुसऱ्याचं पुढे काय झालं ते माहीत, आणि जुन्या फोटोतल्या चेहऱ्यांना नाही.

जागा बदलली आणि टेबल बदललं. सिडको आली १९७० मध्ये. त्याआधी इथे काय होतं हे आपल्यातल्या बहुतेकांनी कधी विचारात घेतलं नव्हतं, कारण आपल्याला सेक्टर माहीत. आता शेजारची मुलगी म्हणते, ‘दिवाळ्याहून निघालो तर करावे आधी लागेल.’ भाच्याने एकदा पात्राला चहा मागितला, बाई म्हणाल्या, ‘१७३० ला चहा कसला? पेज घे.’ काकांचा तांडेल भरती-ओहोटीशिवाय पाऊल टाकत नाही. एका रविवारी ते खरोखर दिवाळ्याच्या कोळ्यांकडे जाऊन विचारून आले. भरती ते ओहोटी साधारण सहा तास, पण पाणी सारखं उतरत नाही. पहिल्या तासात हळू, तिसऱ्या-चौथ्या तासात भराभर, शेवटी पुन्हा हळू. उधाणाला जास्त, भांगाला कमी. हे त्यांनी टेबलावर सांगितलं आणि मी वहीत लिहून ठेवलं. हे लक्षात ठेवा, लागणार आहे.

मी तयारी काय करते, हे नेहमी विचारतात. प्रसंग लिहून ठेवला तर तो घडवायची घाई होते आणि समोरचे काय बोलताहेत ते कानात शिरत नाही. म्हणून मी माणसं लिहून ठेवते. प्रत्येकाबद्दल एक ओळ: याला काय हवंय, कशाची भीती वाटते. शिवाय तीस-चाळीस नावांची यादी, कारण खेळणारे नेमकं रस्त्यावरच्या गुराख्याचं नाव विचारतात, आणि तुम्ही ‘अं...’ केलंत की त्यांना कळतं हा गुराखी खोटा आहे. नाव लगेच आलं की तो खरा. एवढंसंच असतं ते. लोक रंगून जातात ते वर्णनाने नाही. मी मावळत्या सूर्याचं पाच वाक्यांत वर्णन केलं की काका फोन बघतात. पण मागच्या महिन्यात त्यांनी ज्या म्हातारीला दोन पायली भात दिला होता ती आज अचानक दारात उभी राहिली आणि म्हणाली, ‘तांडेला, तुझा भात फेडायला आले,’ की त्यांचा फोन उलटा होऊन पडतो. आपण बोललेलं कोणीतरी लक्षात ठेवलंय, हे कळलं की माणूस त्या जगात शिरतो.

आता एक रात्र सांगते. ज्याची आहे त्याची परवानगी घेतली आहे. तो तिसऱ्या रांगेत बसलाय, नाव घेणार नाही. तुम्ही सगळे ओळखताच. शाळेत त्याला वाचायला उभं केलं की शब्द अडायचे. अजून अडतात. तेव्हा कोण हसलं, कोण नाही, ते आज उगाळायचं नाही, तसं त्यानेच बजावलंय.

तो आमच्याकडे मिठागराचा कारकून होता. हिशेब ठेवणारा, मोडी लिहिणारा. बाकीच्यांनी गावात दोन माणसं लपवली होती, किल्ल्यातून पळालेली. आणि सकाळी फिरंगी अधिकारी गलबत घेऊन येतो: मिठाची जकात द्या, नाहीतर घरं तपासतो. मी तेव्हा सहज सांगितलं होतं की उधाणाची भरती आहे, म्हणून गलबत थेट धक्क्याला लागलंय, एरवी एवढ्या आत येत नाही. माझ्याकडे चकमकीची तीन पानं तयार होती. तोफ कुठे, शिपाई किती, कोण कुठून येणार.

त्याने विचारलं, ‘ओ-ओहोटी कधी लागेल?’

म्हटलं, ‘आत्ताच लागतेय.’

तो म्हणाला, ‘मग मी साहेबांना वर्षाचा हिशेब वाचून दाखवतो. पू-पूर्ण. त्याशिवाय जकात ठरणार कशी?’

आणि त्याने खरोखर खिशातून कागद काढला. घरून लिहून आणला होता. मिठाच्या नोंदी, खंडी, मण, तारीख, कोणाच्या नावावर. त्याला वाटलं होतं कधीतरी उपयोगी पडेल.

आता माझी पंचाईत ओळखा. अधिकारी मी आहे. समोर माझा वर्गमित्र वाचतोय, आणि शब्द अडताहेत. तो अडखळणारं पात्र वठवत नव्हता, तो स्वतःच्या आवाजात वाचत होता. अधिकाऱ्याने खेकसायचं का? तसा तो खेकसणाराच माणूस. पण मग टेबलावर शाळेचा वर्ग उभा राहतो. अधिकाऱ्याने समजूतदारपणे ऐकून घ्यायचं का? ते त्याहून वाईट, कारण ती दया माझी असणार, अधिकाऱ्याची नाही, आणि माझ्या मित्राला ती एका क्षणात कळली असती. फासा टाकून ठरवायचं? फाशाला हे विचारणंच मला बरं दिसेना. या सगळ्याला माझ्याकडे फार तर दोन श्वासांचा वेळ होता.

मी वहीत पाहिलं. अधिकाऱ्याच्या नावापुढे ओळ होती: ‘हिशेबात आपल्याला हे लोक फसवतात अशी कायमची भीती.’ मग उत्तर सरळ होतं. त्याला बोलण्यापुरती इथली भाषा येते, मोडी वाचता येत नाही. वही हिसकावून उपयोग नाही. आणि ज्याला फसवलं जायची भीती आहे, तो एकही आकडा सोडणार नाही. मी खुर्ची पुढे ओढली आणि म्हटलं, ‘अधिकारी तिपाईवर बसतो. म्हणतो, पहिल्यापासून वाच. आकडा चुकला तर पुन्हा वाच.’ लोभी माणूस होता, बसला.

बारा नोंदी होत्या. आमच्या घड्याळात अकरा मिनिटं गेली, खेळात तीन तास. मी मधेमधे अधिकारी म्हणून अडवत होते: ‘कार्तिकात किती? पुन्हा सांग.’ तो पुन्हा सांगत होता. तिसऱ्या नोंदीला शेजारच्या मुलीच्या लक्षात आलं काय चाललंय, आणि तिने काकांच्या हातावर हात ठेवला. पाचवीला काकांना कळलं, कारण ओहोटीचं गणित त्यांनीच आणलं होतं. ते बोटं मोजायला लागले. चिवड्याला कोणी हात लावला नाही. बाई शेवटपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत, चष्मा काढून हातात धरून बसल्या होत्या. आणि तो, मी सांगते तुम्हांला, घाई करत नव्हता. आयुष्यात मी त्याला पहिल्यांदा बिनघाईने वाचताना ऐकलं. एखादा शब्द अडला की तो तिथे थांबायचा, आणि आम्हांला सगळ्यांना वाटायचं, थांब, अजून थांब, पाणी उतरतंय.

शेवटची नोंद झाली. त्याने कागदाची घडी घातली आणि म्हणाला, ‘आता साहेब निघू शकतात.’

मला एकच वाक्य बोलायचं होतं, आणि ते माझं नव्हतंच, त्याने आणि काकांनी आणि खाडीने मिळून तयार केलेलं होतं. ‘गलबत चिखलात रुतलंय. हलत नाही.’

सेक्रेटरी काका खुर्चीवर उभे राहिले. खालच्या मजल्यावरून फोन आला. लपवलेली दोघं माणसं तोवर मागच्या मिठागरातून बांधाबांधाने पार निघून गेली. माझी चकमकीची तीन पानं खणात गेली, अजून तिथेच आहेत.

निघताना चपला घालताना तो मला म्हणाला, ‘शाळेत वाचायला उभं केलं की माझं लक्ष घंटेकडे असायचं. आज ओहोटीकडे होतं.’ एवढंच. त्याचं अडखळणं काही गेलं नाही, तसा चमत्कार कोणी अपेक्षू नका. कालच मंडपवाल्याशी फोनवर बोलताना दोघंही वैतागले होते. मी ही गोष्ट उपचार म्हणून सांगत नाहीये. माझी मैत्रीण परिचारिका आहे, आमच्याच टेबलावर असते, आणि हा खेळ औषध आहे असं कोणी म्हटलं की ती डोळे वटारते.

उलट एक सांगितलं पाहिजे. माणूस फार रंगला की कधी कधी पात्राचा राग घरी घेऊन जातो. एकदा भाचा आणि काका खेळातल्या दगाबाजीवरून आठवडाभर लिफ्टमध्ये बोलत नव्हते. म्हणून आमच्याकडे मैत्रिणीने एक रीत घातली आहे: कोणीही तळहात टेबलावर पालथा ठेवला की खेळ तिथल्या तिथे थांबतो, कारण विचारायचं नाही. चहा होतो. (२१ व्या शतकातला चहा.) दोन वर्षांत तीनदा झालंय असं. त्या रात्री मित्र वाचत होता तेव्हा माझी नजर पूर्ण वेळ त्याच्या हातावर होती. हात कागदावरच राहिला.

आता पुढचा शनिवार. इथे लोकांची मतं वेगळी पडतात, आमच्या टेबलावरही पडली. अशा विजयानंतर तिथेच थांबावं, असं भाच्याचं म्हणणं. पण मग अधिकाऱ्याचं काय? वर्षभराचा हिशेब ऐकत बसलेला, चिखलात सहा तास रुतून शिपायांसमोर हसं झालेला माणूस. तो विसरेल? माझ्या म्हणण्यावर गेल्या आठवड्यात जर जग बदललं असेल, तर या आठवड्यात त्या जगाला ते आठवलं पाहिजे. नाहीतर मित्राने जे केलं ते शाळेच्या संमेलनातल्या टाळीसारखं झालं, वाजली आणि संपली. म्हणून अधिकारी परत आला, यावेळी ओहोटीला, पायी, बांधावरून. कारकून पळू शकतो का, यावर फासा. मी फासा सगळ्यांसमोर टाकायला देते, आडोशाला टाकत नाही. पडला तीन.

भाचा म्हणाला, ‘मावशी, सोड ना. पुन्हा टाकू दे.’ शेजारची मुलगीही तेच म्हणाली. मी मित्राकडे बघितलं. तो म्हणाला, ‘प-पडलं ते पडलं.’ सेक्रेटरी काका, जे एरवी प्रत्येक नियमावर वाद घालतात, ते गप्प होते.

कारकुनाला घेऊन गेले. पुढच्या आठवड्यात मित्र नवीन पात्र घेऊन आला: कारकुनाची थोरली बहीण, मीठ विकणारी, तोंडाने फटकळ. ती त्याला शोधते आहे. ठाण्याला जाऊन आली, तिथल्या कोठीत नाही. कोणी म्हणतं वसईला, कोणी म्हणतं गोव्याच्या जहाजावर चढवला. मला सगळे खोदून विचारतात, बाईसुद्धा विचारतात, खरं सांग, जिवंत आहे ना? मी खरंच सांगते की ठाऊक नाही. माझ्या वहीत त्याच्या नावापुढे जागा कोरी आहे. ती बहीण काय करते, कोणाशी बोलते, कोणावर विश्वास टाकते, त्यावर ती भरेल.

येत्या शनिवारी ती वसईच्या वाटेला लागणार आहे. सोबतीला माणसं कमी पडताहेत, दोन खुर्च्या रिकाम्या आहेत. साडेसात वाजता सुरू करतो, साडेदहाला खालच्या मजल्यावरून फोन येतो तेव्हा थांबतो. नियम वाचून यायची गरज नाही, फासे मी देते. चिवडा आणलात तर कांदा वेगळ्या डब्यात आणा. आणि ‘आपल्या वेळी’ मी एकदाच म्हटलं, तेही अट सांगताना. आयोजकांनी नोंद घ्यावी.